यादीतलं झाड सुकू नये म्हणून

पाणबुडी मोटार, वाइंडिंगला.

आईच्या डोळ्यांच्या डॉक्टरचा नंबर.

पिठात साखर मिसळणे.

मोनिका वहिनीचं ब्लाउज. हिरवं. बाह्या कोपरापर्यंत, त्याखाली एक बोटसुद्धा नाही.

सगीरा खालांचं गुडघ्याचं तेल.

तीस माणसांची चव चाचणी.

दाढी.

ही सगळी एकाच माणसाची एकाच आठवड्यातली कामं. माणसाचं नाव इंद्रजीत. गाव सिल्लोडजवळचं, मुक्काम छत्रपती संभाजीनगरात, पडेगावच्या एका भाड्याच्या खोलीत. शिक्षण फूड टेक्नॉलॉजीचं, शेवटच्या वर्षाला, आणि शेवटच्या वर्षाला दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदा का, तर गेल्या साली प्रोजेक्टची फाईल द्यायच्या दिवशी हा गडी काकासाहेबांची पाणबुडी मोटार मांडीवर घेऊन रिक्षात बसला होता.

त्यात त्याचा दोष थोडा आणि रिवाजाचा जास्त. घरातलं एक पोरगं शहरात शिकायला गेलं की घराला वाटतं, आपण शहरात एक शाखा उघडली. मग मोटार जळली की शाखेकडं पाठव. चष्मा फुटला, शाखेकडं. कुणाच्या मेव्हण्याच्या सुनेचा रिपोर्ट आणायचाय, तर शाखा तिथं बसून काय करते? शाखेला परीक्षा असते हे कुणाला पटत नाही, आणि शाखेला सुट्टी तर नसतेच.

काकासाहेब म्हणजे इंद्रजीतचे थोरले चुलते. सिल्लोडच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, त्यांची मक्याची आडत. घराची वाटणी अशी होती की इंद्रजीतचे वडील शेत बघायचे आणि काकासाहेब बोलायचे. गेल्या सालचा निकाल लागला तेव्हा ते एकदाच बोलले होते. "बिस्किटाचं शिकाया गेलता. यंदा नाय जमलं, तर मोंढ्यात ये आन् काट्यावर बस."

मोंढ्यातल्या काट्यावर दिवसभर मक्याची पोती चढवायची आणि उतरवायची, हे आयुष्य इंद्रजीतनं डोळे मिटून पाहिलं आणि लगेच उघडले. यंदा पास व्हायचंच. आणि पास होण्यातली अडचण अभ्यासाची नसून कामांच्या गोंधळाची आहे, हे त्याला इतकं स्वच्छ कळलं की त्यानं त्याच दुपारी फोनमध्ये कामांच्या यादीचं एक ॲप उतरवून घेतलं.

ॲप देखणं होतं. काम लिहायचं, झालं की बोट टेकवायचं, बरोबरची खूण उमटायची. वरच्या कोपऱ्यात कुंडीतलं एक छोटं झाड. खुणा होत गेल्या की त्याला पानं फुटत. कामं तुंबली की ते मान टाकत असे. शिवाय यादी कितीही जणांना जोडता येई. ज्याला जोडाल त्याला यादी दिसे, झाड दिसे, त्यात काम लिहिता येई आणि खूण झाल्याबरोबर त्याच्या फोनवर टण्णकन वाजे.

"म्हणजे सगळ्या गावाला जोडणार तू?" मोईननं विचारलं. मोईन हा त्याचा खोलीतला सोबती आणि प्रोजेक्टमधला भागीदार, तोही सिल्लोडचाच.

"जोडणार. म्हणजे फोन बंद. ज्याला काम आहे त्यानं लिहावं. मी करीन, खूण करीन, विषय संपला."

"अबे इंद्या," मोईन म्हणाला, "तू बाँध तोडके बोल रा, अब पानी नही आयेगा."

*

☑ गावी जाऊन सगळ्यांना समजावून सांगणे.

हे काम मात्र झालं, आणि झोकात झालं. रविवारी ओसरीवर घरातले सगळे फोन एका रांगेत मांडून इंद्रजीतनं खतांच्या कंपनीचा माणूस देतो तसं प्रात्यक्षिक दिलं. मोनिका वहिनी, म्हणजे काकासाहेबांची सून, तिला ते बघता बघता आलं. तिनं तिथल्या तिथं माहेरच्या लग्नासाठी ब्लाउजचं काम टाकलं आणि बाह्यांबद्दल चार ओळी लिहिल्या. इंद्रजीतच्या आईनं, लक्ष्मीबाईंनी, वहिनीकडून एकच काम लिहून घेतलं: वेळेवर जेवणे. हे काम रोज यावं अशी काही सोय आहे का, असं त्यांनी विचारलं. सोय होती.

काकासाहेबांनी फोन हातभर लांब धरला, आणि त्यांची नजर यादीवर पडायच्या आधी झाडावर पडली.

"हे कशाचं हाय?"

"कशाचंच नाही, काका. नुसतं झाड आहे."

"मग लावलं कशाला?"

इंद्रजीतनं समजावलं की मी कामं केली की ते हिरवं राहणार, नाही केली की सुकणार. काकासाहेब बराच वेळ झाडाकडं बघत राहिले. उभ्या आयुष्यात ते माणसाला त्याच्या शेतावरून ओळखत आले होते. पुतण्या काय शिकतो हे त्यांना चार वर्षांत कळलं नव्हतं. आता ते पीक होऊन समोर उभं राहिलं. ते म्हणाले की हे बेस झालं. दुसऱ्या दिवसापासून मोंढ्यात आडतीवर येणाऱ्या प्रत्येकाला ते आधी पाणी आणि मग पुतण्याचं झाड दाखवू लागले.

पहिल्या आठवड्यात झाड असं फोफावलं की कुंडी दिसेना.

दुसऱ्या आठवड्यात यादी फोफावली. पूर्वी फोन करायचा तर माणूस दहादा विचार करी, पोरगं वर्गात असेल, झोपलं असेल. यादीला कसला वर्ग? सुचेल ते सुचेल तेव्हा माणसं लिहू लागली. मोटार पुन्हा जळली होती. ती एसटीच्या पार्सलनं आली आणि यादीतही आली. लक्ष्मीबाईंना सुईत दोरा ओवता येईना, म्हणून डॉक्टरचा नंबर लावायचं काम आलं. मग एके दिवशी 'गुडघ्याचं तेल, असली वालं, सगीरा खाला' असं एक काम उगवलं. या मोईनच्या मावशी. त्या मोंढ्यामागं राहत. झाड बघायला आल्या होत्या आणि काकासाहेबांनी उत्साहानं त्यांनाही जोडून टाकलं होतं.

झाडानं मान टाकली.

संध्याकाळी काकासाहेबांचा फोन. फोन बंद करायलाच तर ही यादी केली होती, पण फोन यादीबद्दल होता.

"पानं पिवळी पडाय लागलीत. रोग हाय का पाणी कमी पडतंय?"

इंद्रजीत म्हणाला की काका, परीक्षा जवळ आलीय, थोडी कामं उरलीत.

"मग उरकून टाक की. चार माणसांत दाखवलंय मी. आज तो खताच्या दुकानवाला म्हनला, तुमच्या पोराचं झाड गेलं वाटतं. लई वाईट वाटलं बघ."

इंद्रजीतलाही वाईट वाटलं. मोटार कॉटखाली पडलेली होती. उद्या ती वाइंडिंगवाल्या सांडू मिस्त्रीकडं न्यायचीच होती. आता जे काम उद्या नक्की होणार आहे, त्यावर आज खूण केली तर जगात कुणाचं काय बिघडतं? त्यानं बोट टेकवलं. टण्ण. झाडाचं एक पान हिरवं झालं. सिल्लोडला काकासाहेबांच्या फोनमध्येही झालं. त्यांनी ते शेजारच्या आडतवाल्याला नेऊन दाखवलं.

दुसऱ्या दिवशी इंद्रजीतनं सकाळी यादी उघडली. मोटारीवर खूण होती. खूण बघितली की मन कसं निर्धास्त होतं. ते काम झालेलं असतं. त्यामुळं मोटार कॉटखालीच राहिली. रोज झाडताना तो तिच्याभोवतीनं झाडू फिरवी आणि आपण काय झाडतोय हे त्याच्या ध्यानात येत नसे.

यथावकाश यातही शिस्त आली. रोज संध्याकाळी टपरीवर चहाचा पहिला घोट घेतला की इंद्रजीत यादी उघडी आणि वरून खाली एकदाच बोट फिरवून उद्याची कामं आज पूर्ण करून टाकी. टण्ण, टण्ण, टण्ण. झाडाला फुलं आली. मोनिका वहिनीनं ब्लाउज झाल्याबद्दल हात जोडलेलं चित्र पाठवलं. कापड इंद्रजीतच्या उशीखाली होतं. मऊ होतं, झोप छान लागायची.

"करने के पहले टिक क्यों मार रा तू?" मोईननं एकदा विचारलं.

"याला नियोजन म्हणतात."

आणि यादी एकच होती. घरची कामं वेगळी, कॉलेजची वेगळी, असल्या दोन-दोन याद्या गबाळ्या लोकांना लागतात, असं इंद्रजीतचं मत होतं.

*

☑ बिस्किटं भाजणे.
☑ चव पाहणे.

प्रोजेक्ट मक्याच्या बिस्किटांचा होता. मैदा नाही, फक्त मका, साखर आणि जरा तूप. भट्टी फुकट मिळाली, कारण मोईनच्या चाचांची, हैदरचाचांची, शहरात बेकरी होती. रमजान चालू होता, त्यामुळं बेकरीला खरी धांदल दुपारनंतर. रविवारी सकाळी चाचांनी भट्टी दोघांच्या हवाली केली. इंद्रजीत फोन समोर उभा करून यादीबरहुकूम चालला होता. ज्यावर खूण नाही ते करायचं, ज्यावर आहे ते सोडून पुढं जायचं. इतकं व्यवस्थित काम त्यानं जन्मात केलं नव्हतं.

पत्रे बाहेर आले तेव्हा हैदरचाचा चष्मा कपाळावर सरकवून वाकले.

"रंग नाय आला रे बेटा. फिका फिका दिसतोय."

"मक्याचा स्वभावच तसा असतो, चाचा," इंद्रजीत म्हणाला.

चाचांनी जन्मभर बिस्किटं भाजली होती, पण हा पोरगा पुस्तकं वाचून आला होता. चष्मा परत नाकावर ओढून ते मागं सरले. चव घ्यावी म्हटलं, तर चाचांना रोजा, मोईनला रोजा, कारागिरांना रोजा. त्या अख्ख्या बेकरीत दिवसाउजेडी तोंड हलवू शकणारा माणूस एकच होता, आणि त्यानं फोनमध्ये पाहिलं तर 'चव पाहणे' या कामावर खूण होती.

बिस्किटं डब्यात भरली गेली.

राहिली तीस माणसांची चव चाचणी. कॉलेजचा नियम असा की पदार्थ तीस परक्या माणसांना खायला घालायचा, रंग, वास, चव यांना नऊपैकी गुण घ्यायचे आणि प्रत्येकाचं सहीचं पान फाईलला लावायचं. हे काम तर इंद्रजीतनं आठवड्यापूर्वीच खूण करून संपवलं होतं. फाईल बांधताना तेवढी पानं सापडेनात. तेव्हा त्याला आठवलं की ती भरलेलीच नाहीत.

दोघांनी बसून भरली. माणसांची नावं सुचेनात. मग यादीला जी मंडळी जोडलेली होती त्यांची नावं समोरच होती. काकासाहेब: चव नऊ. लक्ष्मीबाई: चव नऊ. सगीरा खाला: चव आठ. मोनिका वहिनीला कशातही खोट काढायची सवय होती, म्हणून खरं वाटावं यासाठी तिला सात. अक्षर बदलावं म्हणून मोईननं निम्मी पानं डाव्या हातानं लिहिली.

बुधवारी संध्याकाळी टपरीवर इंद्रजीतनं नेहमीप्रमाणं यादी उघडली. उद्या सादरीकरण. वरून खाली बोट फिरवलं. टण्ण, टण्ण, टण्ण. सगळ्यात खाली दुपारी आलेलं एक नवीन काम होतं. तेही झालं.

ते काम असं होतं: 'गुरुवारी जीप घेऊन येतो. मोटार, ब्लाउज, तेल तयार ठेव. आईला डॉक्टरकडं नेऊ. काकासाहेब.'

*

☑ सादरीकरण.

बाहेरगावाहून आलेले परीक्षक पांढऱ्या मिशांचे आणि फार हळू बोलणारे होते. शेजारी गजाला मॅडम, प्रोजेक्टच्या मार्गदर्शक. त्यांनाही रोजा असल्यानं त्यांनी आजवर बिस्किटाचा फक्त फोटो पाहिला होता. टेबलावर थाळी झाकलेली. इंद्रजीतनं मका किती पौष्टिक आहे ते सांगितलं, मोईननं आलेख दाखवले. सगळं मजेत चाललं होतं. मग परीक्षकांनी फाईलची शेवटची पानं उलटायला सुरुवात केली. एक पान, दुसरं, तिसरं.

"नऊ, नऊ, आठ, नऊ," ते म्हणाले. "तुमच्याकडची माणसं फारच समाधानी दिसतात. आमच्या घरी माझ्या बायकोच्या पुरणपोळीला सहाच्या वर कधी गेले नाहीत."

गजाला मॅडम इंद्रजीतकडं बघू लागल्या. इंद्रजीत आलेखाकडं बघू लागला.

"हे काकासाहेब कोण? चवीला नऊ, वासाला नऊ, रंगाला नऊ. या गृहस्थांना भेटायला आवडेल मला."

त्याच क्षणी दार उघडलं, आणि दारात चपला काढत काकासाहेब म्हणाले, "इंद्या, मोटार कुठंय?"

त्यांच्यामागं लक्ष्मीबाई, घागरीएवढं गाठोडं घेऊन. त्यांच्यामागं मोनिका वहिनी. तिच्यामागं गुडघा धरत सगीरा खाला. पडेगावच्या खोलीला कुलूप दिसलं तेव्हा घरमालकानं त्यांना कॉलेजचा पत्ता दिला होता, आणि शिपायानं अडवलं तेव्हा काकासाहेबांनी त्याला झाड दाखवलं होतं.

इंद्रजीतला आपण काट्यावर बसलेलो दिसलो, आणि पोतं चढलेलं दिसलं.

"आपण?" परीक्षकांनी विचारलं.

काकासाहेबांनी नाव सांगितलं.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला आणि अतिशय आदरानं खुर्ची पुढं केली. मग त्यांनी विचारलं की बिस्किट तुम्हाला इतकं आवडलं, त्यात नेमकं काय आवडलं?

"कुठलं बिस्किट?"

गजाला मॅडमनी डोळे मिटून घेतले. परीक्षकांनी थाळीवरचं झाकण उचललं.

काकासाहेबांनी बिस्किट घेतलं आणि मोंढ्यात मक्याचा नमुना बघतात तसं तळहातावर ठेवून उजेडाकडं धरलं. नाकाशी नेलं. मधोमध मोडून आवाज ऐकला. मग दाढेखाली धरून चावलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले. सगळे त्यांच्या जबड्याकडं बघत होते.

"ओल नाय," ते अखेर म्हणाले. "कीड नाय. माल सुका हाय, काट्याला बरा भरंल. पन यात चव कुठं ठिवलीस?"

"किती गुण द्याल? नऊपैकी."

"तीन. तेबी घरचा मका हाय म्हनून."

मोनिका वहिनीनं एक तुकडा खाल्ला आणि पाणी मागितलं. तिनं दोन दिले. वर म्हणाली की भाऊजी, गोवरीला निदान चुलीत तरी घालता येतं. सगीरा खालांना रोजा होता, त्यामुळं त्या वाचल्या. त्यांनी नुसता वास घेतला आणि मोईनकडं अशा नजरेनं पाहिलं की हे तुझ्या अम्मीला सांगावं लागेल.

राहिल्या लक्ष्मीबाई. त्यांनी बिस्किट दोन्ही हातांत धरून तोंडात घातलं. चावलं. बराच वेळ चावलं. गिळलं. डोळ्यांच्या कडा जराशा ओलावल्या, पण घास कोरडा होता की दुसरं काही, ते कळलं नाही.

"कसं आहे, बाई?" परीक्षकांनी विचारलं.

"ग्वाड हाय," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "लई ग्वाड झालंय. नऊ लिवा."

परीक्षकांनी लिहिलं नाही. त्यांनी फाईल मिटली आणि त्याच हळू आवाजात विचारलं की ही पानं कुणी भरली. इंद्रजीतनं खाली पाहिलं. मोईननं स्वतःच्या डाव्या हाताकडं पाहिलं. एवढं पुरेसं होतं.

ते म्हणाले की नियमानं मी आत्ताच शून्य देऊन उठायला हवं, आणि पुढच्या वर्षी आपण पुन्हा भेटू. 'पुढच्या वर्षी' हे शब्द ऐकून काकासाहेबांनी उभ्या उभ्या इंद्रजीतला आपादमस्तक न्याहाळलं. पोतं उचलायला खांदे कितपत चालतील याचा ते अंदाज घेत असावेत. पण परीक्षकांची नजर अजून लक्ष्मीबाईंवर होती. त्या गाठोड्याची गाठ सोडत-बांधत उभ्या होत्या.

"पाच वाजेपर्यंत मी इथं आहे," परीक्षक म्हणाले. "ही पानं फाडा. खरी तीस माणसं आणा, खायला घाला, आणि ती जे बोलतील तेच लिहा. एक शब्द इकडचा तिकडं नको."

*

☐ तीस माणसांची चव चाचणी.

ही खूण इंद्रजीतनं काढली. टण्ण. सगळ्यांचे फोन वाजले.

भर दुपारी, परीक्षेच्या दिवसांत, तीस माणसं कुठून आणायची? पोरं पळापळ करू लागली. काकासाहेब मात्र थाळी उचलून शांतपणे फाटकाबाहेर गेले, जीपच्या बॉनेटवर पोतं अंथरून त्यावर त्यांनी बिस्किटांचा ढीग केला आणि मोंढ्यातला आवाज लावला.

तो आवाज ज्यानं ऐकलाय त्याला माहीत आहे. तो ऐकून माणूस थांबतोच, आपल्याकडं मका असो नसो. दौलताबादकडं जाणाऱ्या रिक्षा थांबल्या. रसवंतीवाला आला. टायरवाला आला. किल्ला बघायला निघालेलं एक अख्खं कुटुंब उतरलं. काकासाहेब एकेकाच्या तळहातावर नमुना ठेवत, तोंडाकडं बघत आणि विचारत, "बोला, किती?"

मोंढ्यात बोली वर चढते. इथली उतरू लागली.

"चार," रसवंतीवाला म्हणाला.

"तीन," टायरवाला म्हणाला.

"दीड धरा," रिक्षावाला म्हणाला, आणि अर्धं बिस्किट परत ढिगावर ठेवलं.

मोईन पानं पुढं करत होता, आता उजव्या हातानं. इंद्रजीत शब्द न शब्द उतरवून घेत होता: 'खडूसारखं.' 'चहात बुडवलं तर चहा बिघडतो.' 'पेशंटसाठी आहे का?' 'पाणी द्या आधी.' किल्ल्याच्या कुटुंबातल्या आजोबांनी दात बाहेर काढून तपासले आणि एक गुण दिला, तोही निव्वळ मक्याचा मान राखायला म्हणून. लक्ष्मीबाई शेवटी आल्या आणि पुन्हा नऊ म्हणाल्या. काकासाहेबांनी, घरचं माणूस धरत नाही, म्हणून त्यांना बाजूला केलं.

पाच वाजायला आले तेव्हा इंद्रजीतनं निष्कर्षाचं पान नव्यानं लिहून परीक्षकांपुढं ठेवलं. त्यावर एकच ओळ होती: 'हे बिस्किट बाजारात चालणार नाही.'

परीक्षकांनी सगळी तीस पानं वाचली. 'खडूसारखं'जवळ त्यांची मिशी हलली. मग ते म्हणाले की मी बरीच वर्षं हे प्रोजेक्ट तपासतो, प्रत्येकाचा पदार्थ बाजार जिंकणार असतो. या फाईलमध्ये निदान एक तरी वाक्य पुराव्यासकट आहे. त्यांनी काठावरचे गुण मांडले आणि सही केली.

काकासाहेबांनी बाहेर येऊन निकाल जाहीर केला: पोरगं पास, माल नापास.

*

☐ बाकीचं.

मोईनसकट सगळ्यांना घेऊन डॉक्टरकडं निघालेली जीप क्रांती चौकाच्या सिग्नलला अडकली होती. मोटार कॉटखाली आहे, कापड उशीखाली आहे, तेल दुकानातच आहे आणि डॉक्टरचा नंबर कुणीच लावलेला नाही, एवढं तोवर इंद्रजीतनं कबूल केलं होतं. वहिनीनं तर उशीचं कळल्यापासून त्याच्याकडं पाठ केली होती, आणि माहेरचं लग्न रविवारवर आलेलं.

काकासाहेब रागावले नाहीत. त्यांनी खिशातून फोन काढला, हातभर लांब धरला आणि एकेक काम वाचायला सुरुवात केली.

"मोटार?"

"नाही झालं, काका."

खूण निघाली. टण्ण. चार फोन वाजले. झाडाचं एक फूल गळालं.

"ब्लाउज?"

"नाही."

एक फांदी वाळली. तेल, नंबर, वीजबिल, रिपोर्ट. सिग्नल दोनदा हिरवा होऊन गेला. मागच्या गाड्या कावल्या होत्या, पण काकासाहेब पीक काढायला बसले होते. झाडाची पानं झडत झडत नुसती काटकी उरली.

"दाढी?"

"ते केलंय."

"दिसतंय. साखर मिसळणे?"

"राहू द्या, काका. ते झालंय."

काकासाहेबांनी ती खूण राहू दिली. 'वेळेवर जेवणे'ची वेळ आली तेव्हा लक्ष्मीबाईंनी फोन स्वतःकडं घेतला, पोराच्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि काही न विचारता ती खूण स्वतःच्या बोटानं काढली. मग गाठोडं सोडून भाकरी त्याच्या हातात दिली.

"बघ," काकासाहेब म्हणाले. त्यांनी फोन त्याच्यापुढं धरला. कुंडीत वाळकी काटकी, तिला दोन पानं. "आता खरं दिसतंय. हितनं पुढं पाणी घाल. आन् मोंढ्यात मी हेच दाखवनार हाय."

मगरिबची अजान झाली, रोजा सोडायची वेळ झाली. सगीरा खालांनी पदराच्या गाठीतून खजूर काढून मोईनला दिला. लक्ष्मीबाईंनी मोठ्या मायेनं डब्यातलं एक बिस्किट त्याच्यापुढं केलं.

"नक्को, काकू," मोईन म्हणाला. "दिवसभराचा रोजा आहे, तो याच्यावर नाही सोडवणार."

मग ते त्यांनीच खाल्लं. कोरडं, सावकाश, सगळं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या की कुणी काही म्हणो, ग्वाडच हाय.

साखर मिसळण्याच्या कामावर खूण शनिवारी संध्याकाळी झाली होती. पीठ मळलं रविवारी.